पर्यावरण-नियमन व राजकीय प्रभाव (गोवा)

गोव्यातील खाणी, मोठे प्रकल्प आणि जमिनीचे रूपांतर यांना लागणाऱ्या परवानग्यांवर उद्योजक, जमीनमालक आणि त्यांच्यावर पोट असलेला मतदार यांचा सरकारमार्फत पडणारा दाब. हा दाब उघड कायदेभंगाच्या वाटेने सहसा जात नाही. नूतनीकरणाची तारीख, अर्जातला एखादा रकाना, कायद्यात मागाहून घातलेले पोटकलम, अशा किरकोळ दिसणाऱ्या जागी तो काम करतो. डिचोली तालुक्यात तो खाणींभोवती दिसतो, पेडण्यात विमानतळ आणि जमिनींभोवती.

पोर्तुगीज सरकारने दिलेले खाणपरवाने मुक्तीनंतरही चालू राहिले. १९८७ च्या कायद्याने ते रद्द करून त्यांचे लीजमध्ये रूपांतर केले. दरम्यान १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते (जन्माने ते पेडण्याचे). पुढे दिगंबर कामत, मनोहर पर्रीकर आणि प्रमोद सावंत या मुख्यमंत्र्यांनी खाण खाते स्वतःकडेच ठेवले. सावंत यांचा साखळी मतदारसंघ डिचोली तालुक्यातला, म्हणजे खाणपट्ट्यातलाच. नियम करणारा आणि नियम पाळणारा यांच्यात इथे अंतर फारसे नव्हतेच.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शाह आयोगाचा गोव्यासंबंधीचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. बेकायदा उत्खननातून सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. तीन दिवसांत पर्रीकर सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने सर्व लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरले. त्यानंतर काढलेले खनिज त्यामुळे बेकायदा ठरले.

यापुढचा भाग मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. लिलावाशिवाय लीज देण्यास मनाई करणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला. तोवर राज्याने ८८ लीजचे दुसरे नूतनीकरण उरकले होते, आणि त्यांतली ३१ एकट्या त्याच दिवशी. मुख्यमंत्री त्या वेळी पेडणे तालुक्यातल्या मांद्रेचे आमदार लक्ष्मीकांत पार्सेकर होते. उच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणेच आपण वागलो, असे सरकारचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाला ते पटले नाही. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्व नूतनीकरणे रद्द झाली आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. लोकायुक्त न्या. प्रफुल्लकुमार मिश्रा यांनी २०२० साली या नूतनीकरणांबद्दल तत्कालीन मुख्यमंत्री व अधिकाऱ्यांच्या चौकशीची शिफारस केली, ती सरकारने मान्य केली नाही.

खाण उद्योगाचा आवाज निर्यातदार संघटनेपुरता नाही. ट्रकमालक, बार्जमालक, कामगार, गॅरेजवाले अशा ‘खाण अवलंबितां’चे मोर्चे पणजीत आणि दिल्लीत निघाले. गोवा मायनिंग पीपल्स फ्रंट ही संघटना त्यांतून पुढे आली. लीजची मुदत १९८७ पासून मोजून २०३७ पर्यंत धरावी, या मागणीमागे कंपन्या आणि कामगार एकत्र होते. या रेट्याला केवळ धनदांडग्यांचा खेळ म्हणणे सोपे आहे, पण बंदीत ज्यांच्या ट्रकचे हप्ते थकले ते डिचोली-सत्तरीतलेच लोक होते. पक्षनिधीचा धागा वेगळा आहे. काँग्रेस व भाजप या दोन्ही पक्षांनी वेदान्त समूहातील स्टरलाइट आणि सेसा या कंपन्यांकडून घेतलेल्या देणग्या विदेशी देणगी कायद्याचा भंग करणाऱ्या असल्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. २०१६ व २०१८ च्या वित्त कायद्यांनी ‘विदेशी स्रोता’ची मूळ व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली.

डिसेंबर २०२२ च्या लिलावात डिचोली खनिज ब्लॉक वेदान्तला मिळाला. पुढच्या वर्षीच्या जनसुनावणीत घरे, देवळे आणि शेती लीजक्षेत्रातून वगळा, अशी मागणी ग्रामस्थांनी लावून धरली. २०२४ मध्ये खाण सुरू झाली. पर्यावरण आघात अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचे शुल्क प्रकल्पवालाच देतो, हा देशभरचा नियम इथेही लागू आहे. दाबाची ही सर्वांत शांत जागा म्हणता येईल. शेजारच्या शिरगावात, लईराईच्या जत्रेच्या गावी, खोल खाणींमुळे विहिरी आटल्याचा वाद त्याआधीच उच्च न्यायालयात गेला होता.

पेडण्यात मोपा विमानतळाला ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. अर्जात आसपासची जंगले आणि संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती दडवल्याचे नोंदवून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती स्थगित केली. तज्ज्ञ समितीच्या फेरविचारानंतर, वाढीव अटींसह, १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले.

विमानतळाबरोबर पेडण्याच्या जमिनीला भाव आला. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून प्रादेशिक आराखड्यातील ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्याची मुभा मुख्य नगरनियोजकाला मिळाली. चुका इतक्या निघाल्या, की डोंगर आणि शेती हळूहळू वसाहतीच्या रंगात आले. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. तोपर्यंत विभागबदलासाठी कलम ३९(अ) कायद्यात येऊन बसले होते.