घराचा पूरविमा : घ्यावा की न घ्यावा?

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात वैनगंगेच्या पाणलोट क्षेत्रात मुसळधार पाऊस झाला. सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे, म्हणजेच भीमगड धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या चार जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. शेतीच्या नुकसानीची चर्चा पुढे बराच काळ चालली. घरांची चर्चा मात्र पंचनाम्यापाशी सुरू झाली आणि मदतीच्या धनादेशापाशी संपली. त्या दोहोंच्या मधे जी रक्कम कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून घातली, तिचा हिशेब कुठेच मांडला गेला नाही. घराचा विमा घ्यायचा की नाही, हा प्रश्न नेमका त्या रकमेचा आहे.

मोटारीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, घराचा नाही. त्यामुळे लाखभर रुपयांच्या दुचाकीचा विमा दरवर्षी न चुकता भरणारे आपण, आयुष्यभराची कमाई घातलेले घर मात्र देवाच्या भरवशावर सोडतो. गोंदिया, तिरोडा वा आमगावात राहणाऱ्यांनी आणि आईवडील गावी ठेवून नागपूर-पुण्यात नोकरी करणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा शांतपणे हा हिशेब करून पाहावा.

वेगळा ‘पूरविमा’ नसतो

पहिली गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. त्यासाठी निराळी पॉलिसी घ्यावी लागते. आपल्याकडे पद्धत वेगळी आहे. येथे पूर हा घराच्या सर्वसाधारण विम्यातच समाविष्ट असतो.

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ या नावाची प्रमाणित पॉलिसी लागू केली. प्रमाणित याचा अर्थ असा, की कंपनी कोणतीही असली तरी मूळ अटींची शब्दरचना एकच असते. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर व जलमयता, भूस्खलन, दंगल इत्यादी आपत्ती तिच्यात येतात. पूर आल्यावर घर सोडून जावे लागले आणि त्या आपत्तीमुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही धरली जाते. म्हणजे निवड ‘पूरविमा घ्यावा का’ अशी नसून ‘घराचा विमा घ्यावा का’ अशी आहे. मात्र कंपन्यांच्या इतर पॉलिसीही बाजारात असतात. म्हणून एजंटाच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता पॉलिसीत ‘पूर’ व ‘जलमयता’ हे शब्द आहेत की नाहीत, हे स्वतः वाचून पाहावे.

आपल्या घराला धोका किती?

गोंदिया जिल्ह्यात पाणी घरात शिरण्याचे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकाचा विचार निराळा करावा लागतो.

पहिला मार्ग मोठ्या नद्यांचा. जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी वैनगंगा आणि गोंदिया तालुक्यात तिला मिळणारी बाघ या दोन्ही नद्यांचे बरेचसे पाणी दूरवरून येते. धरणातून विसर्ग झाला, की आपल्या डोक्यावरच्या आकाशाकडे पाहून पुराचा अंदाज बांधता येत नाही. दक्षिणेकडे गाढवी व चुलबंद या नद्यांच्या काठची गावे याच प्रकारात मोडतात.

दुसरा मार्ग नाले, तलाव व शहरातील सखल वस्त्यांचा. जुने मालगुजारी तलाव हे या भागाचे वैभव. पण सांडव्याच्या वाटेवर वस्ती झाली, की तेच पाणी घराच्या उंबरठ्यावर येते. शहरात नाल्या तुंबल्यावर तासाभरात गुडघाभर पाणी साचते. नदीपासून दूर असलेले घर सुरक्षितच असते, हा समज येथे फसवा ठरतो.

तिसरा मार्ग झडीचा. सलग चार-पाच दिवस पाऊस लागला, की मातीच्या भिंती भिजतात आणि कवेलूंच्या छपरासकट कोसळतात. विम्याच्या दृष्टीने हा सर्वांत नाजूक प्रकार आहे, त्याविषयी पुढे येईलच.

धोका मोजण्यासाठी दोन साधने हाताशी आहेत. एक म्हणजे जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्या भागातील रेषा आखल्या असल्यास जलसंपदा किंवा नगररचना कार्यालयात त्यांची माहिती मागता येते. या आकड्यांचा अर्थ मात्र पुष्कळदा चुकीचा लावला जातो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की नव्याण्णव वर्षे निश्चिंती, असे नव्हे. दरवर्षी तशा पुराची शक्यता १ टक्का असते. ३० वर्षांच्या काळात ती सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घराला पुढील २० वर्षांत एकदा तरी पूर गाठण्याची शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे नाणे उडवण्याहूनही वाईट.

दुसरे साधन म्हणजे शेजारच्या वृद्धांची आठवण. पाणी कोणत्या साली कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे गावातली जुनी माणसे नेमके सांगतात. घर नवे असेल तर ही चौकशी अवश्य करावी.

सरकारी मदत ही भरपाई नव्हे

‘पूर आला तर सरकार देईलच,’ हे विमा न घेण्याचे सर्वांत प्रचलित कारण. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांवर नजर टाकली, तर या कारणातील तथ्य किती ते कळते. घर पूर्णपणे नष्ट झाल्यास सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये व डोंगराळ भागात १,३०,००० रुपये, असे हे निकष होते. पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली असल्यास ६,५०० रुपये आणि कच्च्या घराची तेवढीच पडझड असल्यास ४,००० रुपये. कपड्यांसाठी व भांडीकुंडी-घरसामानासाठी प्रत्येकी २,५०० रुपये. राज्य सरकार वेळोवेळी वाढीव मदत जाहीर करते, पण ती त्या त्या वेळच्या निर्णयावर अवलंबून असते. तिच्यावर आधीच हक्क सांगता येत नाही.

हे आकडे क्रूर नाहीत. त्यांचा उद्देशच निराळा आहे. उघड्यावर आलेल्या कुटुंबाला तात्पुरता आधार देणे, एवढेच त्यांचे काम. झालेले नुकसान भरून काढणे हे त्यांत अभिप्रेत नाही. आणि शहरी, पक्क्या घराच्या बाबतीत खरी मेख येथेच आहे. असे घर पुरात सहसा वाहून जात नाही. दोन दिवस तीन फूट पाणी साचते. गिलावा सुटतो, दारे फुगतात, वायरिंग निकामी होते, फ्रीज, वॉशिंग मशीन, गाद्या, कपाटे फेकावी लागतात. समजा, हा खर्च दीड लाखावर गेला. घर उभेच असल्याने पडझडीची मदत मिळाली तर काही हजारांची, आणि १५ टक्क्यांची अट पूर्ण न झाल्यास तीही नाही. विम्याचा खरा उपयोग या ‘अर्ध्यामुर्ध्या’ नुकसानीत आहे.

विमा किती रकमेचा?

येथे बहुतेकांची चूक होते ती जमिनीची किंमत धरण्यात. पुरात जमीन वाहून जात नाही. म्हणून विमा जमिनीचा नव्हे, बांधकामाचा. क्षेत्रफळ गुणिले आज तेवढेच बांधण्यास लागणारा खर्च, अधिक कुंपण, गच्चीवरील टाकी यांसारख्या गोष्टी, असा हिशेब करावा. उदाहरणादाखल ८०० चौरस फुटांचे घर आणि दर चौरस फुटाला १,५०० रुपये खर्च धरला, तर इमारतीची विमा रक्कम १२ लाख रुपये होते.

‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीच्या विम्याबरोबर घरातील सामानाचा विमा आपोआप मिळतो. त्याची मर्यादा इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, व कमाल १० लाख रुपये. वरील उदाहरणात हे २ लाख ४० हजार झाले, आणि त्यासाठी सामानाची यादीही द्यावी लागत नाही. सामान अधिक असल्यास तपशील देऊन रक्कम वाढवता येते. दागिने व कलावस्तू यांसाठी वेगळे, ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. पॉलिसी १० वर्षांपर्यंत घेता येते.

हप्त्याचा दर कंपनी, ठिकाण व बांधकामाचा प्रकार यांनुसार बदलतो. त्यामुळे किमान तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवावेत. एवढ्या रकमेचा वार्षिक हप्ता सहसा काही शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत असतो. त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा.

जे मिळत नाही, ते आधी वाचा

• रोख रक्कम, रोखे, हस्तलिखिते व वाहने यांचे नुकसान घराच्या विम्यात धरले जात नाही. दुचाकी-मोटारीच्या पुरातील नुकसानीसाठी वाहनाची सर्वसमावेशक पॉलिसीच लागते. केवळ तृतीय पक्ष विमा येथे कामाचा नाही.

• वर्षानुवर्षे झिरपणारी ओल, जुनाट बांधकामाची झीज, सदोष बांधकाम यांचा खर्च विमा देत नाही. नदीने काठ कापत नेल्यामुळे जमीन खचली, तर तेही वगळलेले आहे. काठावरच्या घरांनी हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा.

• झडीने भिजून पडलेली मातीची भिंत ‘पूर वा जलमयता’ या व्याख्येत बसते का, यावर वाद उद्भवू शकतो. असे घर असल्यास पॉलिसी घेण्यापूर्वीच कंपनीला लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. भिंती मातीच्या व छप्पर कवेलूंचे असताना अर्जात ‘पक्के बांधकाम’ लिहिणे म्हणजे दाव्याच्या वेळी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय.

• घरात साठवलेले धान, दुकानाचा माल वा गिरणीचे यंत्र हे घरसामान नव्हे. पीक विम्याचा व घराचा तर काहीच संबंध नाही. अशा मालासाठी स्वतंत्र विमा लागतो.

• विमा घेतल्यानंतर खोल्या वाढवल्या व क्षेत्रफळात १० टक्क्यांहून अधिक भर पडली, तर कंपनीला कळवून पॉलिसीत बदल करून घ्यावा.

कर्जदार आणि भाडेकरू

गृहकर्ज घेतलेल्यांची समजूत असते, की बँकेने विमा उतरवलेलाच आहे. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो, घराचा नव्हे. घराचा असला तरी त्याची रक्कम कर्जाएवढीच असू शकते. बँकेकडून पॉलिसीची प्रत मागून घ्यावी व तीन गोष्टी पाहाव्यात : विमा कशाचा, किती रकमेचा आणि कोणत्या तारखेपर्यंत. भाडेकरूला इमारतीच्या विम्याची गरज नाही. तो केवळ सामानाचा विमा घेऊ शकतो. तळमजल्यावरील भाडेकरूने तो अवश्य विचारात घ्यावा.

निर्णय कसा करावा?

स्वतःला एकच प्रश्न विचारावा : उद्या घर व सामान मिळून दोन लाखांचे नुकसान झाले, तर ते कर्ज न काढता, मुलांची फी वा दवाखान्याचा पैसा न मोडता भरून काढता येईल काय? उत्तर ‘नाही’ असेल आणि घर पूररेषेत, सखल वस्तीत वा तलावाच्या सांडव्याखाली असेल, तर विमा घेण्यात दिरंगाई नको. घर उंचावर आहे, बांधकाम पक्के आहे आणि गाठीला शिल्लक आहे, अशांना केवळ पुरासाठी विम्याची निकड नाही. परंतु त्याच हप्त्यात आग, वीज व भूकंपही येतात, हे विसरू नये. जे उंच मजल्यावर राहतात त्यांनी आधी गृहनिर्माण संस्थेने इमारतीचा विमा उतरवला आहे का, ते विचारावे. आणि ज्यांना हप्ता खरोखरच जड जातो, त्यांनी निदान कागदपत्रे, विजेचा मुख्य स्विच व किमती वस्तू जोत्यापासून उंच ठेवण्याची व्यवस्था करावी. तिला पैसा फारसा लागत नाही आणि ती विमा असलेल्यांनाही उपयोगी पडते.

पाणी ओसरल्यावर

विमा घेतला, तरी तो वसूल करण्याची तयारी आधीपासून हवी. घराचे व सामानाचे फोटो, खरेदीच्या पावत्या व पॉलिसीची प्रत यांचा एक संच गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे वा मोबाइलवर ठेवावा. पूर ओसरताच भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे फोटो घ्यावेत, कंपनीला तत्काळ कळवावे आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत खराब सामान फेकू नये. चिखल काढणे अपरिहार्य असेल, तर आधी चित्रीकरण करावे. तलाठ्याचा पंचनामा व विमा सर्वेक्षकाचा अहवाल या दोन स्वतंत्र बाबी आहेत. एक झाला म्हणून दुसरा टाळू नये. पंचनाम्याची प्रत मात्र दाव्याला जोडावी.

दावा नाकारला गेला किंवा तुटपुंजी रक्कम देऊ केली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास वा ते असमाधानकारक वाटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही व वकिलाचीही गरज नाही.

या साऱ्यात वेळेला महत्त्व आहे. पूर येऊन गेल्यावर घेतलेली पॉलिसी त्या पुराला लागू होत नाही, आणि पाणी वाढू लागल्यावर आलेला अर्ज स्वीकारणे कंपनीच्या मर्जीवर असते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. धानाची रोवणी सुरू होण्याआधी, मे महिन्यात छप्पर शाकारताना किंवा गच्चीची डागडुजी करताना, हे एक कामही यादीत लिहून ठेवावे.