बंदरावरचे चार तास



समुद्रपर्यटनाच्या जाहिरातींत निळें पाणी, पांढरी बोट आणि दूरवर दिसणारे घुमट हीं तीन चित्रें ठरलेलीं असतात. चौथें एक चित्र मात्र त्यांत कधींच आढळत नाहीं. बोट सकाळीं बंदराला लागते. प्रवासी मोठ्या उत्सुकतेनें खालीं उतरतात. मोटारगाडी त्यांना घेऊन निघते. आणि ज्या प्राचीन मंदिरासाठीं त्यांनीं हजारों मैलांचा प्रवास केला, तें गांठण्यापूर्वींच ती एखाद्या गालिच्यांच्या नाहीं तर जवाहिराच्या दुकानापुढें उभी राहते. वाटाड्या हंसून म्हणतो, "दहाच मिनिटें! घेतलेंच पाहिजे असें नाहीं, नुसतें पाहा." त्या दहा मिनिटांचा पाऊण तास होतो. मग मंदिर धांवत धांवत पाहावें लागतें, कारण बोट कोणासाठीं थांबत नसते.

ही तक्रार आज जगाच्या प्रत्येक समुद्रावर ऐकूं येते, आणि ती आजच्या बाजारी युगाचीच देणगी आहे अशी बहुतेकांची समजूत असते. आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे तें हें कीं, या उपद्रवाचें मूळ निदान पांचशें वर्षें मागें जातें. आणि त्यावर उपाय कोणता, हेंही त्या जुन्या लोकांना चांगलें ठाऊक होतें.

पंधराव्या शतकांत युरोपांतील यात्रेकरू जेरुसलेमला जावयास निघाले म्हणजे बहुधा प्रथम व्हेनिसला येत. तेथून वल्हवण्याचीं मोठीं गलबतें त्यांना जाफाच्या बंदरास नेत. हा प्रवास म्हणजे आजच्या ठराविक सहलीचा खरा पूर्वज होय. एकदांच रक्कम भरावयाची, आणि तींत जाणें, येणें, जेवण, पवित्र भूमींतील जकाती, इतकेंच नव्हे तर बसावयाच्या गाढवांचें भाडेंही यावयाचें. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांना या धंद्याचें मोल पुरेपूर ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं सान मार्कोच्या चौकांत आणि रिआल्टोपाशीं सरकारी वाटाडे नेमलेले होते. परक्या यात्रेकरूला बिऱ्हाड पाहून देणें, नाणीं बदलून घेण्यास व खरेदीस मदत करणें, आणि कप्तानाशीं करार करतांना त्याच्या बाजूस उभें राहणें, हीं त्यांचीं कामें.

उल्म गांवचा फेलिक्स फाब्री नांवाचा एक डोमिनिकन साधु १४८० व १४८३ असा दोनदां या मार्गानें गेला. दुसऱ्या प्रवासापूर्वीं त्याच्या मंडळीनें कप्तानाशीं केलेला करार त्यानें आपल्या वृत्तांतांत कलमवार उतरून ठेवला आहे. तो वाचतांना मौज वाटते. दिवसांतून दोन वेळां जेवण मिळालें पाहिजे. खलाशांनीं यात्रेकरूंना त्रास देतां कामा नये. वाटेंत कोणी वारला तर त्याच्या चीजवस्तूला कप्तानानें हात लावूं नये. इतकेंच काय, यात्रेकरूंनीं बरोबर घेतलेल्या कोंबड्यांना जागा द्यावी, असेंही एक कलम आहे! पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें कलम निराळेंच. नेहमींच्या मार्गावर नसलेलीं बंदरें कप्तानानें घेऊं नयेत आणि सायप्रसला तीन दिवसांहून अधिक मुक्काम करूं नये, असें त्यांत आहे. सायप्रसच्या बाबतींत कारण तेथील रोगट हवेचें दिलें आहे, तें खरेंही असेल. परंतु त्या गलबतावर कप्तानापासून वल्हेकऱ्यापर्यंत प्रत्येकजण कांहीं ना कांहीं व्यापार करीत असे; बांकाखालीं मालाचें गांठोडें ठेवून वल्हेकरी प्रत्येक बंदरावर तें उघडीत. हें ध्यानांत घेतलें म्हणजे दुसरें कारणही सहज उमगतें. दुसऱ्याच्या नफ्यासाठीं आपले दिवस खर्ची पडूं नयेत, हें त्या यात्रेकरूंनीं ओळखलें, आणि ओळखून कागदावर लिहून घेतलें.

आतां चार शतकें ओलांडून आपण १८६७ सालीं येऊं. त्या वर्षाच्या ८ जूनला न्यूयॉर्कहून "क्वेकर सिटी" नांवाची चाकांची आगबोट निघाली. केवळ मौजेखातर, ठरविलेल्या कार्यक्रमाप्रमाणें, अमेरिकेहून युरोप व पवित्र भूमीकडे जाणारी ही पहिली मोठी सफर. माणशीं भाडें साडेबाराशें डॉलर. प्रवाशांत एका वृत्तपत्राचा एकतीस वर्षांचा बातमीदारही होता. त्याचें टोपणनांव मार्क ट्वेन. त्याच्या पत्रांतून १८६९ सालीं "दि इनोसंट्स अब्रॉड" हें पुस्तक तयार झालें, आणि त्यांत आपल्या या उपद्रवाचें एक अमर चित्र आहे.

जिब्राल्टरला हे महाशय प्रथम फसले. दुकानांतील एका सुंदर तरुणीनें त्यांच्या हाताची स्तुति केली. फुशारून त्यांनीं हातमोजे चढविले आणि ते तेथल्या तेथें फाटले. परंतु हा झाला साधा बाजारी प्रसंग. दुकानांत ते आपल्या पायांनीं गेले होते. खरा प्रकार पुढें पॅरिसला घडला. तेथें त्यांनीं आणि सोबत्यांनीं एक वाटाड्या ठरविला. पाहावयाचा होता लूव्हरचा राजवाडा. गाडी निघाली आणि थांबली ती रेशमाच्या दुकानापुढें. पुन्हां निघाली, पुन्हां थांबली. पुन्हां रेशमाचें दुकान! वाटाड्या दर वेळीं नवा बहाणा सांगे, आणि लूव्हर तेथेंच राहिला. शेवटीं ट्वेननें वाचकांना बजावलें आहे कीं, पॅरिसला प्रथमच येणाऱ्या अमेरिकनाला वाटाडे असेच लुबाडतात, कारण दुकानदाराकडून त्यांना विक्रीवर हिस्सा मिळतो.

या हिश्शाला आपल्या जुन्या व्यवहारांत एक नेमका शब्द होता: दस्तुरी. दस्तूर म्हणजे रिवाज. कोणी ठरविली नाहीं, कोणी लिहून दिली नाहीं, पण रिवाज म्हणून मधल्या माणसाच्या हातीं जी रक्कम चिकटून राहते ती दस्तुरी. समजा, एक शाल दुकानदाराला ऐशी रुपयांत विकणें परवडतें. वाटाड्यानें आणलेल्या गिऱ्हाइकाला तो शंभर सांगतो आणि वरचे वीस वाटाड्याला देतो. म्हणजे वाटाड्याचा मोबदला दिला प्रवाशानेंच. फक्त तो कोणाला दिला, किती दिला आणि कशासाठीं दिला, हें त्याला कळलें नाहीं. पैशांपेक्षां या न कळण्याचेंच दुःख मोठें. जो माणूस आपले डोळे म्हणून आपण बरोबर घेतला, तो वस्तुतः दुसऱ्याच्या पदरीं आहे, हें उशीरा उमगतें.

ट्वेनच्या पुस्तकाच्याच वर्षीं, १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं, सुएझचा कालवा खुला झाला. टॉमस कुक यानेंही त्याच सालीं आपली पहिली मंडळी इजिप्तला नेली. तेथें प्रवाशाची गांठ पडली ती दुभाष्याशीं. युरोपियन त्याला "ड्रॅगोमन" म्हणत. हा शब्द मूळ अरबी "तर्जुमान" याचा अपभ्रंश, आणि आपल्या जुन्या कागदपत्रांतील "तर्जुमा" त्याच कुळांतला. हा दुभाष्या भाषेबरोबर बाजारभावाचाही तर्जुमा करी, आणि त्यांत भाव नेहमीं वाढत असे. म्हणूनच त्या काळच्या बेडेकरच्या प्रसिद्ध मार्गदर्शिका प्रवाशांना सावध करीत कीं, दुभाष्याला बरोबर घेऊन केलेली खरेदी महाग पडते.

याच कालव्याच्या तोंडाशीं पोर्ट सैद वसलें. मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आपल्याकडील कित्येक पिढ्यांनीं तें पाहिलें. तेथें बोटी कोळसा घेत. कोळशाची काळी धूळ डेकवर उडूं लागली कीं उतारू गांवांत जात, आणि गांवांत दुकानांवांचून दुसरें फारसें नव्हतेंच. बोटीला वेढा घालणाऱ्या होड्यांतून दोरीच्या टोपल्यांनीं माल वर येई. "गल्ली-गल्ली" म्हणत जादूगार प्रवाशाच्या खिशांतून कोंबडीचीं पिलें काढीत. सायमन आर्ट्झचें भव्य दुकान तर बोटीच्या प्रवाशांसाठींच प्रसिद्ध झालें. घासाघीस भरपूर होई, फसवणूकही होई. तरीसुद्धां या बाजाराला मी आजच्या विषयांत दोषी धरणार नाहीं. तेथें दुकान हें दुकान म्हणूनच समोर उभें असे. त्यांत जाणें न जाणें प्रवाशाच्या मर्जीचें होतें. आणि त्याला जावयाचें होतें लंडनला. पोर्ट सैदचे दोन तास गेले म्हणून त्याचें कांहीं बिघडत नव्हतें.

फरक पडला तो पुढें. हिवाळ्यांत उत्तर अटलांटिकवर उतारू कमी मिळत आणि मोठ्या बोटी रिकाम्या पडत. हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांनीं २२ जानेवारी १८९१ रोजीं "आउगुस्टा व्हिक्टोरिया" ही आपली बोट केवळ पर्यटनासाठीं भूमध्य समुद्राकडे काढली. लोकांनीं प्रथम त्यांना वेड्यांत काढलें; सफर मात्र यशस्वी झाली. १९०० सालीं तर केवळ पर्यटनासाठीं बांधलेली "प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे" ही बोट पाण्यांत उतरली. येथें प्रवासाचा अर्थच पालटला. पूर्वीं बंदर ही वाटेवरची धर्मशाळा होती. आतां बंदर हेंच मुक्कामाचें ठिकाण झालें. पर्यटकानें पैसे भरले ते जमिनीवरच्या त्या चार-सहा तासांसाठीं. आणि नेमकें तेंच, मोजकें व पुन्हां न मिळणारें द्रव्य दुसऱ्याच्या हातीं गेलें.

आज हा व्यवहार कसा चालतो, तें पाहा. बोट सकाळीं येते, सायंकाळीं निघते. जमिनीवरची सहल बऱ्याचदा बोटीवरच विकली जाते. प्रवाशानें भरलेल्या रकमेंतून बोटवाल्याचा वांटा कापला जातो. उरलेल्यांत बंदरावरच्या ठेकेदाराला गाडी, चालक, वाटाड्या आणि प्रवेशपत्रिका यांची व्यवस्था करावयाची असते. ठेका मिळावा म्हणून ठेकेदार एकमेकांहून कमी दर सांगतात. शेवटीं जमाखर्चांत जें भगदाड पडतें तें बुजविण्यासाठीं दुकानदार पुढें येतो. कधीं कधीं तर सारी सहलच "फुकट" असते. जपानच्या हाकाता बंदरास २०१६ सालीं तीनशेंहून अधिक वेळां पर्यटनाच्या बोटी लागल्या; बहुतेक चीनहून आलेल्या. त्यांतील पुष्कळ प्रवाशांना जमिनीवरील सहलीसाठीं वेगळी रक्कम द्यावी लागत नसे. खर्च निघे तो करमुक्त मालाच्या दुकानांच्या दस्तुरींतून. मग गाडी जावयाची कोठें, हें कोणी ठरवावयाचें? ज्यानें भाडें भरलें त्यानें. आणि येथें भाडें दुकानदारानें भरलेलें असतें!

म्हणून वाटाड्यावर सारा राग काढणें मला न्याय्य वाटत नाहीं. कित्येक ठिकाणीं त्याला वेतन नांवापुरतेंच मिळतें. गिऱ्हाइकानें कांहीं घेतलें तर त्याच्या घरीं चूल पेटते. आपल्या शहराचा इतिहास सांगण्याची त्याला हौस असते, त्यासाठीं तो शिकलेलाही असतो. आणि त्यालाच तो इतिहास अर्ध्यावर तोडून गालिच्यांच्या गांठी मोजून दाखवाव्या लागतात. प्रवाशाचा जसा वेळ जातो, तसा त्याचा मान जातो. लबाडी माणसांत असते त्याहून अधिक ती झांकलेल्या किंमतींत असते.

या झांकलेल्या किंमतीवर कायद्यानें प्रहार करण्याचा मोठा प्रयत्न अलीकडे झाला तो चीनमध्येंच. १ ऑक्टोबर २०१३ पासून तेथें पर्यटनाचा कायदा अमलांत आला. अवाजवी कमी दरानें मंडळी गोळा करून खरेदीवरील दस्तुरीनें नफा काढण्यास त्याच्या ३५ व्या कलमानें मनाई केली. प्रवाशांशीं उभयपक्षीं ठरल्याशिवाय अथवा त्यांनीं स्वतः मागितल्याशिवाय ठराविक दुकानांत नेतां येत नाहीं. आणि तसें नेल्यास सहल संपल्यापासून तीस दिवसांच्या आंत माल परत करून देण्याची मागणी प्रवाशाला करतां येते. हाकाताचा दाखला या कायद्यानंतरचा आहे, हें मात्र विसरूं नये. कायदा झाला म्हणून रिवाज लगेच मरत नाहीं. विशेषतः बंदर एका देशांत आणि कायदा दुसऱ्या देशांत असला म्हणजे!

मग आपण काय करावें? फेलिक्स फाब्रीनें केलें तेंच. पैसे भरण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे आणि उत्तरें लेखी घ्यावीं: वाटेंत दुकानें किती लागणार, तेथें वेळ किती मोडणार, आणि ज्याला खरेदी नको त्याला तेवढ्या वेळांत दुसरीकडे फिरण्याची मोकळीक आहे कीं नाहीं. उत्तर "दुकान एकही नाहीं" असें आलें आणि दर थोडा अधिक असला, तर ती वाढ ही वाटाड्याच्या प्रामाणिकपणाची किंमत समजून आनंदानें द्यावी. स्वस्ताई आणि निष्ठा या दोन्ही गोष्टी एकाच दरांत मागणें हा आपलाही लोभच आहे. त्या लोभावरच तर हें सारें दुकान उभें आहे.

आपल्याकडे आतां निवृत्त शिक्षक, कारकून, आयुष्यभर पै पै जमविणारीं वृद्ध जोडपीं अशा सफरींवर जाऊं लागलीं आहेत. आथेन्सची टेकडी किंवा इस्तंबूलचे घुमट तीं एकदांच पाहणार. परत आल्यावर नातवंडें विचारतील, "आजी, तिथें काय पाहिलंत?" त्या प्रश्नाला केवळ एका शालीचें उत्तर द्यावें लागूं नये, एवढीच माझी इच्छा आहे. शाल वाईट असते असें नाहीं. पण ती घ्यावयाला आपण गेलों नव्हतों.