चरबी, साबण आणि थंडीत टिकणारं काँक्रीट

काँक्रीट ओतणाऱ्या माणसाचं हवेशी जुनं वैर. साच्यात माल पडला की तो आधी सळईने ठासायचा, व्हायब्रेटर आल्यावर त्याने हलवून बसवायचा, आणि साचा काढल्यावर कुठे हनीकोंब, म्हणजे पोकळ्यांची जाळी, दिसली की मुकादमाने कपाळाला हात लावायचा. जितकं घट्ट तितकं टिकाऊ, ही शिकवण महाराष्ट्रातल्या साइटवर आजही दिली जाते आणि इथल्या हवामानात ती बरोबरच आहे. पण न्यूयॉर्क, मिनेसोटा किंवा कॅनडातल्या ओंटारिओत पोहण्याच्या तलावाभोवती काँक्रीटचा काठ ओतायचा असेल, तर त्याच काँक्रीटमध्ये पाच ते आठ टक्के हवा मुद्दाम घालतात. पैसे मोजून, औषध घालून, मापून घालतात. या हवेचं मूळ शोधत गेलं की आपण बैलाच्या चरबीपाशी जाऊन पोचतो.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. काँक्रीट वरून दगडासारखं दिसलं तरी आत सूक्ष्म रंध्रांचं जाळं असतं, आणि ती रंध्रं पाण्याने जवळजवळ भरलेली असताना गोठली की आतला माल चिरतो. भिंतीवरचं पाणी ओघळून जातं. तलावाच्या काठावर मात्र ते साचतं, मुरतं, पोहणाऱ्यांच्या अंगावरून पुन्हा पुन्हा सांडतं. सगळ्यात कडाक्याच्या थंडीचा प्रदेश काँक्रीटला सगळ्यात वाईट, असंही नाही. जिथे पाणी डिसेंबरात गोठतं आणि मार्चपर्यंत गोठलेलंच राहतं, तिथे मार एकदाच बसतो. जिथे दुपारी वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं, तिथे हिवाळाभर घण पडत राहतात. म्हणून अशा कामात ‘कडक हवामान’ म्हणजे पारा किती खाली गेला यापेक्षा तो शून्याभोवती किती वेळा वरखाली झाला, हे पाहावं लागतं.

आता हडसन नदीच्या खोऱ्याकडे वळू. तिथल्या रोझेनडेल गावाच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात ‘नैसर्गिक सिमेंट’ निघायचं. विशिष्ट चुनखडी भाजून दळली की झालं. ब्रुकलिन पुलाच्या बांधकामात ते वापरलं गेलं. पुढे पोर्टलंड सिमेंटने त्याला मागे टाकलं आणि धंदा बसत आला. 1930 च्या दशकात न्यूयॉर्क राज्याचे रस्ते बांधणाऱ्यांनी पोर्टलंडमध्ये थोडं नैसर्गिक सिमेंट मिसळून पाहिलं. काही हिवाळे गेले. शुद्ध पोर्टलंडच्या रस्त्यांचे पापुद्रे सुटत होते, तर मिश्रणाचे काही रस्ते शाबूत होते. मरू घातलेल्या धंद्यातल्या लोकांना हे ऐकून किती आनंद झाला असेल!

तो टिकला नाही. तपासात निघालं की श्रेय नैसर्गिक सिमेंटचं नाहीच. ते दळताना चक्कीत बैलाची चरबी घालत. सिमेंट फार बारीक होऊ लागलं की भुकटी चक्कीतल्या गोळ्यांना आणि भांड्याला चिकटून बसते, दळण पुढे सरकत नाही, आणि थोडं स्निग्ध द्रव्य घातलं की ती मोकळी होते. गिरणीवाल्याने आपल्या सोयीसाठी घातलेली ही चरबी सिमेंटबरोबर रस्त्यापर्यंत गेली. चरबीतली आम्लं आणि सिमेंटमधला चुना एकत्र आले की साबण होतो, आणि साबणाचं पाणी मिक्सरमध्ये घुसळलं की फेस होतो. टिकलेल्या रस्त्यांचं काँक्रीट वजनाला किंचित हलकं भरत होतं, कारण त्यात डोळ्यांनी धड न दिसणारे असंख्य बुडबुडे अडकले होते.

इथे मला त्या काळच्या इंजिनिअरांची दया येते. हवा एक टक्क्याने वाढली की काँक्रीटची ताकद ढोबळमानाने पाच टक्क्यांनी उतरते. म्हणजे जे हलकं, जे कमकुवत, जे शंभर वर्षांच्या शिकवणीप्रमाणे नापास, तेच थंडीत टिकत होतं. पुरावा रस्त्यावर पडलेला असल्याने नाकारताही येईना. मग चरबीऐवजी भरवशाचं काही शोधणं सुरू झालं आणि पाइन झाडांच्या बुंध्यांतून निघणारी व्हिन्सॉल नावाची राळ सापडली. सोड्याने तिचाही साबण करायचा आणि काँक्रीटमध्ये अगदी थोडा टाकायचा. 1940 च्या दशकात हवा धरणारी सिमेंटं आणि मिश्रणं अमेरिकेत रुळली. फेसाळलेला माल हाताळायला मऊ असतो, त्याला पाणी कमी लागतं, आणि पाणी कमी म्हणजे गेलेल्या ताकदीतली थोडी परत मिळते. मजुरांना तो आवडला तो या मऊपणामुळे.

बुडबुडे नेमकं काय करतात, याचा छडा पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेतल्या टी. सी. पॉवर्स यांनी लावला. 1945 साली त्यांनी मांडलं की गोठणारं पाणी जागा शोधत पुढच्या पाण्याला ढकलतं, रंध्रं इतकी अरुंद असतात की त्या ढकलण्यातच प्रचंड दाब तयार होतो, आणि जवळच रिकामा बुडबुडा असला तर दाब तिथे सुटतो. तेव्हा महत्त्वाचं काय, हवेचं प्रमाण की बुडबुड्यांमधलं अंतर? 1949 मध्ये त्यांनी अंतर हे उत्तर दिलं. सिमेंटच्या कुठल्याही कणापासून बुडबुडा साधारण 0.2 मिलिमीटरच्या आत हवा. चार मोठ्या पोकळ्या असून उपयोग नाही. ठासताना निघून जाणारी हवा मोठ्या, वेड्यावाकड्या पोकळ्यांची असते, साबणाची हवा बारीक आणि गोल. जुनं वैर पहिलीशी होतं, ते आजही तसंच आहे. पुढे 1953 मध्ये पॉवर्स यांनी हेल्मथ या सहकाऱ्याबरोबर केलेल्या कामात आपलीच उपपत्ती बरीच बदलली. पाणी केवळ ढकललं जात नाही, बर्फाकडे ओढलंही जातं, असं दिसलं. बुडबुड्यांमधल्या अंतराचा नियम मात्र राहिला.

महायुद्धानंतर अमेरिकेच्या उपनगरांत परसदारी तलावांची लाट आली आणि महामार्गासाठी शोधलेली हवा तलावाकाठी पोचली. त्याच सुमारास बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ फेकायची सवय वाढली. बुटांच्या तळव्यांना लागून ते घराच्या पायऱ्यांवर, काठावर येऊ लागलं. या मिठाचं वागणं विचित्र. मीठ नसेल तर काँक्रीट बरं राहतं, खूप असेल तरीही बरं राहतं, तीनेक टक्क्यांच्या द्रावणाखाली मात्र खपल्या सर्वांत जास्त निघतात. 2000 च्या दशकात प्रिन्स्टनमध्ये जॉन व्हॅलेन्झा आणि जॉर्ज शेरर यांनी याचं पटणारं कारण दिलं. शोभेच्या काचेवर सरसाचा थर देऊन वाळवतात, सरस आक्रसतो आणि जाताना काचेचे टवके घेऊन जातो. पृष्ठभागावरचा बर्फही थंडी वाढली की काँक्रीटपेक्षा अधिक आक्रसतो. गोड्या पाण्याचा बर्फ न चिरता निभावतो. फार खाऱ्या पाण्याचा बर्फ इतका मऊ की ताण धरतच नाही. मधला चिरतो, आणि चीर खाली काँक्रीटमध्ये उतरून टवका उडवते.

एवढं सगळं माहीत असूनही काठ उखडतात, आणि दोष बहुधा वरच्या दोन-तीन मिलिमीटरचा असतो. ओतलेल्या काँक्रीटवर पाणी सुटतं. ते उडून जायच्या आत कारागीर रंधा आणि थापी फिरवू लागला, किंवा हात सरकत नाही म्हणून वर आणखी पाणी शिंपडलं, की ते सगळं पाणी वरच्या थरात कोंबलं जातं. लोखंडी थापीने घोटून घोटून तुकतुकीत केलं तर तिथले बुडबुडेही निघून जातात. आत सहा टक्के हवा आणि वर पापडी. म्हणून जाणता ठेकेदार तलावाचा काठ घोटत नाही, पाणी उडाल्यावर नुसता झाडू ओढतो. ओल्या पायांना तो खरबरीतपणा हवाच असतो.

उखडलेला काठ दुरुस्त करताना पहिलं काम कानाचं. हातोडीने ठोकत जायचं, किंवा साखळी ओढायची, आणि जिथे पोकळ वाजेल तिथवर काढायचं. मग पृष्ठभाग खरवडायचा, धुवायचा, आतून ओला पण वर पाणी न चमकणारा ठेवायचा आणि पातळ थर चढवायचा. साधा सिमेंटचा पातळ थर धरत नाही, म्हणून त्यात पॉलिमर घालतात. या नात्याचीही कुळी आहे. 1923 मध्ये क्रेसन यांनी ब्रिटनमध्ये रबराच्या चिकाचं पेटंट घेतलं, तेही फरसबंदीसाठीच. त्या घराण्यातलं कृत्रिम रबर आज मुंबई-पुण्यातला प्रत्येक वॉटरप्रूफिंगवाला ओळखतो. तो त्याला ‘एसबीआर’ म्हणतो आणि सिमेंटमध्ये कालवून गच्चीवर, न्हाणीघरात फासतो. त्याच्या कामातला शत्रू मात्र वेगळा आहे. मुंबईचं काँक्रीट आतली सळई गंजून फुगल्याने सुटतं. तिथे साबणाचे बुडबुडे काही वाचवत नाहीत, दाटपणाच वाचवतो.

बर्फातली हवा भारताच्या कागदपत्रांतही आहे. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 सांगतं की ओल्या जागी गोठणं-वितळणं होत असेल आणि काँक्रीट एम-50 पेक्षा खालच्या प्रतीचं असेल, तर 20 मिलिमीटर खडीच्या मालात पाच टक्क्यांच्या आसपास हवा असावी. लडाख-लाहौलकडे काम करणाऱ्यांना हे कलम उघडावं लागतं. आणखी एक अडचण अलीकडची. औष्णिक केंद्रातली राख सिमेंटसोबत वापरली आणि तिच्यात न जळलेला कार्बन राहिला असेल, तर तो कार्बन साबण शोषून घेतो. डोस तोच, हवा गायब. म्हणून हवा गाडीवर मापतात, ओतायच्या जागी पुन्हा मापतात.

टोरोंटो किंवा शिकागोकडे राहणाऱ्या ज्या मराठी घरांना काठ नवा करून घ्यायचा आहे, त्यांनी ठेकेदाराला हवेचं माप विचारावं, आणि काम उन्हाळ्यातच उरकावं. ऑक्टोबरात ओतलेल्या थराला पहिल्या गोठणीआधी पुरेसं वाळायला वेळच मिळत नाही. पहिल्या हिवाळ्यात त्यावर मीठ अजिबात टाकू नये. पाय घसरत असेल तर वाळू टाकावी.