मुंबईस आणिलेलीं दोन आफ्रिकन मुलें व त्यांच्या कुळाचा प्रश्न

इ. स. १८६४ च्या जून महिन्याच्या १३ व्या तारखेस 'लेडी न्यासा' नांवाची एक लहानशी आगबोट झांझीबारहून मुंबई बंदरांत आली. ती हांकीत आणणारे गृहस्थ म्हणजे प्रसिद्ध प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन होत. बोटीवर चुमा व विकतानी नांवाचे दोन मुलगे होते. आज ज्यास मलावी म्हणतात त्या देशांत, शिरे नदीच्या डोंगराळ मुलुखांत, १८६१ सालीं गुलाम म्हणून विकलेल्या ज्या लोकांची सुटका झाली त्यांपैकीं हे दोघे. डॉक्टरांनीं त्यांस डॉ. जॉन विल्सन यांच्या गिरगांवाकडील शाळेंत ठेविलें व आपण विलायतेस गेले. याच संस्थेचें कॉलेज पुढें १८८९ त चौपाटीवर गेलें.

हा विषय आमच्या वाचकांस अगदींच परका वाटूं नये. जंजिऱ्याच्या शिद्द्यांमुळें हबशी लोकांशीं आपला संबंध जुना आहे. आणि पेशवे दप्तर चाळणारांस कुणबिणींचे कागद परिचित आहेतच. त्यांत बाईचें नांव सांपडतें, किंमत सांपडते. बापाचें नांव व गांव शोधूं गेल्यास बहुधा निराशा पदरीं येते. आरमारानें पकडलेल्या गलबतांवरून मुंबईस उतरलेल्या मुलांची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. त्यांतील कित्येकांस नाशिकजवळ शरणपुरास चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमांत धाडीत. तेथें त्यांस जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन अशीं नवीं नांवें मिळत. वेलिंग्टनचें मूळ नांव चेंग्विंबे हें टिकलें. तो दीर्घायुषी होऊन १९३५ सालीं मोंबासा येथें वारला.

सप्टेंबर १८६५ त डॉ. लिव्हिंग्स्टन पुन्हां मुंबईस आले. सहा हजार पौंडांची बोट त्यांनीं तेवीसशें पौंडांस विकली. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर (यांचें निवासस्थान त्या काळीं परळास होतें) यांचें साह्य त्यांस होतेंच. विल्सन साहेबांनीं डिसेंबरांत चुमास बाप्तिस्मा दिला; तेव्हांपासून तो जेम्स चुमा. जानेवारी १८६६ त हे दोघे व शरणपूरचे नऊ तरुण डॉक्टरांबरोबर आफ्रिकेस निघाले. म्हणजे ज्या मुलुखांतून हीं मुलें नाहींशीं झालीं, त्याच मुलुखांत तीं परत चाललीं. कुळाची परीक्षा होण्यास याहून चांगला योग कोणता?

पहिली परीक्षा जुलैंत मटाका नांवाच्या सरदाराच्या गांवीं झाली. शरणपूरच्या अब्राहमनें तेथील गर्दींत आपला मामा किंवा चुलता ओळखला (इंग्रजी शब्द दोहोंस एकच असल्यानें नातें नक्की ठरत नाहीं). ओळख पटली, पण आपल्यामागून आई व दोन बहिणीही विकल्या गेल्या असें त्यास कळलें. त्यास राहण्याचा पुष्कळ आग्रह झाला, खुद्द डॉक्टरांनींही केला. परंतु जेथें आई नाहीं, बहीण नाहीं, तेथें राहून काय करूं, असें म्हणून तो पुढें निघाला. विकतानीस पुढें भाऊ भेटला व तो तेथेंच राहिला. त्यास विकणारा त्याचा बापच होता व तो मेला होता, असें डॉक्टर लिहितात.

खरा वाद चुमाचा. आपणांस मांगांजा लोकांनीं धरून विकलें, आपल्या वायाव लोकांनीं नव्हे, असें तो सांगे. वायाव आपलें मूल कधींच विकीत नाहींत, असा त्याचा ठाम समज. विकतानीचें उदाहरण दाखविलें तर तो तें साफ नाकारी. डॉक्टर म्हणतात, वस्तुस्थिति नेमकी उलट होती. बहुतेक लेखक डॉक्टरांचें म्हणणें निमूटपणें उचलतात. आमच्या मतें तसें करणें बरें नव्हे. चुमा तेव्हां अगदीं लहान होता व स्वजनांचा दोष झांकण्याकडे त्याचा कल असणार, हें खरें. परंतु डॉक्टरही तिऱ्हाईत नव्हते: जुलै १८६१ त बिशप मॅकेंझी यांच्यासह ते वायावांशीं झालेल्या चकमकींत होते. विकतानीच्या हकीकतीवरून वायाव मुलें विकीत एवढें सिद्ध होतें. चुमास त्यांनींच विकलें हें सिद्ध होत नाहीं. आम्ही डॉक्टरांचें म्हणणें संभाव्य मानतों, निश्चित मानीत नाहीं.

१८७३ च्या मे महिन्यांत डॉक्टर वारले. त्यांचें प्रेत व रोजनिशा समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणारांत चुमा होता. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनांत वेस्टमिन्स्टर ॲबेंतील दफनाच्या वेळीं शरणपूरचा जेकब वेनराइट हजर होता. चुमा व त्याचा सोबती सुसी मागाहून विलायतेस पोंचले व रोजनिशीचे संपादक होरेस वॉलर यांस नांवें व स्थळें सांगून त्यांनीं साह्य केलें. ग्रंथ त्याच वर्षीं निघाला. चुमाची साक्ष खोटी ठरविणारीं वाक्यें त्यांत तशींच आहेत. यावरून त्यानें तीं मान्य केलीं असें कोणी म्हणेल. पण तीं त्यास वाचून दाखविलीं होतीं, हें आधीं दाखवावें लागेल. चुमा १८८२ त झांझीबारास वारला.