ओसाकामधील रस्ते व वस्त्या

ओसाका हे जपानच्या होन्शू बेटावर, योदो नदीच्या मुखाशी वसलेले मोठे व्यापारी शहर आहे. शहराच्या जुन्या भागातील अनेक रस्त्यांची व वस्त्यांची नावे कालवे आणि पूल यांवरून पडलेली आहेत. जपानी भाषेत ‘हाशी’ किंवा ‘बाशी’ म्हणजे पूल आणि ‘होरी’ किंवा ‘बोरी’ म्हणजे खोदलेला कालवा होय. विसाव्या शतकात यांपैकी बहुतेक कालवे बुजवण्यात आले. नावे मात्र टिकून राहिली.

रचना

तोयोतोमी हिदेयोशी याने १५८३ साली ओसाका किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. किल्ल्याच्या पश्चिमेस सेम्बा ही व्यापाऱ्यांची पेठ वसली. येथील पूर्व-पश्चिम रस्त्यांना ‘तोरी’, तर उत्तर-दक्षिण रस्त्यांना ‘सुजी’ म्हणतात. किल्ल्याकडे जाणारे तोरी रस्ते रुंद व मुख्य होते आणि सुजी अरुंद असत. पुढे उत्तरेस उमेदा (१८७४) व दक्षिणेस नाम्बा (१८८५) ही रेल्वे स्थानके झाल्यावर हा क्रम उलटला.

इदो काळात ओसाकास ‘८०८ पुलांचे शहर’ म्हणत. प्रत्यक्षात पूल सुमारे २०० होते. त्यांतील १२ पुलांचा खर्च शोगुनचे शासन करीत असे. उर्वरित पूल व्यापारी व रहिवासी स्वखर्चाने बांधत.

प्रमुख रस्ते

मिदोसुजी : उमेदा ते नाम्बा हा सुमारे ४ किमी लांबीचा शहरातील प्रमुख रस्ता. त्याचे नाव त्यालगतच्या दोन बौद्ध मंदिरांवरून (मिदो) पडले. महापौर सेकी हाजिमे यांच्या कारकिर्दीत १९२६ साली रुंदीकरण सुरू झाले आणि सुमारे ६ मीटर रुंदीचा रस्ता सुमारे ४४ मीटर रुंद झाला. खर्चाचा काही भाग लगतच्या जमीनमालकांकडून वसूल करण्यात आला. रस्त्याखालून भुयारी रेल्वे १९३३ साली सुरू झाली. सेकी यांचे १९३५ साली निधन झाले. रस्ता १९३७ साली पूर्ण झाला. दुतर्फा असलेल्या गिंको वृक्षांसाठी तो प्रसिद्ध आहे.

शिन्साइबाशी : नागाहोरी कालव्यावरील पुलाच्या नावाने ओळखला जाणारा बाजारपेठेचा भाग. १९६०च्या दशकात कालवा बुजवला गेला व पूलही हटवण्यात आला. १८७३ साली येथे बसवलेला लोखंडी पूल त्सुरुमी र्योकुची उद्यानात जतन केलेला आहे.

प्रमुख वस्त्या

दोतोनबोरी : १६१२ साली सुरू झालेले या कालव्याचे खोदकाम १६१५ साली पूर्ण झाले. काम सुरू करणारा दोतोन हा ओसाका किल्ल्याच्या वेढ्यात मारला गेला. कालव्यास त्याचेच नाव देण्यात आले. काठावर नाट्यगृहे उभी राहिली. १६८४ साली ताकेमोतो गिदायू याने येथे बाहुलीनाट्याचे रंगगृह स्थापन केले. हा कालवा आजही वाहता असून परिसर खाद्यगृहे व झगमगत्या जाहिरात फलकांसाठी ओळखला जातो.

दोजिमा व नाकानोशिमा : दोजिमा येथील तांदळाच्या बाजारास १७३० साली शोगुन शासनाची मान्यता मिळाली. तो जगातील आद्य वायदे बाजारांपैकी एक मानला जातो. लगतच्या नाकानोशिमा या नदीतील बेटावर नगरपालिका भवन व १९१८ साली पूर्ण झालेले सार्वजनिक सभागृह आहे.

शिन्सेकाइ : ‘नवे जग’ असा अर्थ असलेली ही मनोरंजन वस्ती १९१२ साली उभारण्यात आली. येथील त्सुतेनकाकु मनोरा आगीनंतर १९४३ साली उतरवण्यात आला. सध्याचा मनोरा १९५६ सालचा आहे.

इकाइनो : इकुनो विभागातील कोरियन लोकांची वस्ती. कोरिया जपानच्या अमलाखाली असताना, विशेषतः १९२०च्या दशकापासून, जेजू बेटावरील अनेक लोक थेट बोटीने कामाच्या शोधात ओसाकास आले व येथे स्थायिक झाले. १९७३ साली इकाइनो हे नाव अधिकृत पत्त्यांतून वगळण्यात येऊन हा भाग इतर नावांखाली विभागला गेला. तरीही रहिवाशांच्या बोलण्यात ते नाव राहिले. कवी किम शि-जोंग यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या काव्यसंग्रहास इकाइनोचेच नाव दिले. येथील बाजारपेठ आता ‘कोरिया टाउन’ म्हणून ओळखली जाते.

युद्धानंतरचे बदल

१३ व १४ मार्च १९४५ दरम्यानच्या रात्री झालेल्या हवाई हल्ल्यात शहराच्या मध्यभागाचा मोठा हिस्सा जळून गेला. युद्धोत्तर काळात मोटारींची संख्या वाढल्यावर कालव्यांच्या जागा रस्ते व वाहनतळांसाठी वापरण्यात आल्या. नागाहोरीच्या मार्गाखाली १९९७ साली भूमिगत बाजारपेठ सुरू झाली. पूर्वेकडील हिगाशी-योकोबोरी कालवा शिल्लक आहे; मात्र त्याच्या बऱ्याचशा लांबीवर उन्नत द्रुतगती मार्ग आहे.