मेलेला गडी उठतो कसा?

वाचकहो, आपल्या संतांनी खेळाला कधी हलके मानले नाही. तुकोबारायांच्या गाथेत हमामा, फुगडी, विटीदांडू, हुतूतू या खेळांवर अभंग आहेत. नाथमहाराजांनीही खेळांची रूपके रचली. रानात पोरे जे खेळत, तेच परमार्थ सांगण्यासाठी त्यांनी हाती घेतले. ते अभंग ऐकताना आपण माना डोलावतो; पण खुद्द खेळात कोणती नीती भरली आहे, हे पाहायचे राहून जाते. आज हुतूतूपुरते ते पाहू.

हा खेळ पूर्वी गावोगाव निरनिराळ्या रीतीने चाले. त्याचे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत. गामिनीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात बाद होऊनही कोणी बाहेर जात नसे, नुसता गुण मोजत. संजीवनीत मात्र बाद झालेला गडी 'मेला' म्हणायचा आणि सोबत्याने समोरचा गडी मारला की हा 'जिवंत' होऊन परत यायचा. 1923 साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ तिथे करून दाखवला. 1950 साली अखिल भारतीय महासंघ झाला आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला स्थान मिळाले. या साऱ्या प्रवासात टिकून राहिली ती संजीवनीची ठेवण.

आता या खेळातल्या तीन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट दमाची. चढाई करणाऱ्याने एका दमात, स्पष्ट आणि अखंड उच्चार करायचा. दम सुटला की तो बाद. आज पंच कान देऊन उभे असतात. ते नव्हते तेव्हा दम सुटल्याचे सर्वांआधी कोणाला कळे? ज्याचे त्यालाच. चोरून श्वास घेणाऱ्याला दुसऱ्याने पकडण्याआधी त्याचे मन पकडते. या खेळातला खरेपणा इथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट साखळीची. मैदानात गडी सात. बलदंड चढाईवाला आत शिरला की एकट्यादुकट्याला तो आवरत नाही. दोघे हातात हात घेऊन साखळी करतात, एक पाय धरतो, बाकीचे वाट अडवतात. हात वेळेआधी सुटला तर सोबती मरतो, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. मेलेले गडी उठतात ते पाळीने. जो आधी बाद झाला, तो आधी जिवंत होतो. संघनायकाला वाटले, माझा चांगला गडी शेवटी बसला आहे, त्याला आधी उठवू, तर तसे चालत नाही. खुद्द नायक बाद झाला तरी त्यानेही आपल्या पाळीची वाट पाहायची. तोवर आतल्या पोरांवर भरवसा ठेवून बाहेर शांत बसणे, हेही पुढारपणच आहे. सातही गडी बाद झाले तर समोरच्यांना लोणाचे दोन गुण जादा मिळतात, आणि हरणारा संघ सगळाच्या सगळा पुन्हा उभा राहतो. खेळ हार मोजतो, पण कोणाला कायमचे बाहेर टाकत नाही.

आणि पहा, मेलेला गडी स्वतःच्या बळाने कधीच उठत नाही. कोणीतरी दम कोंडून पलीकडे जावे, धोका पत्करावा, तेव्हा तो उठतो. मग उठलेल्याने पुढच्यासाठी तेच करायचे.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. घरातले लेकरू संध्याकाळी मैदानातून धुळीने माखून आले की 'जिंकलास का?' असे लगेच विचारू नका. आधी विचारा, 'बाळा, आज कोणाला उठवलेस?'