माढ्याच्या दोन नद्या आणि पूररेषा

पश्चिमेला भीमा आणि पूर्वेला सीना अशा दोन नद्यांमध्ये वसलेला माढा तालुका पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्याने कमी पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात, येतो. त्यामुळे 1876-78 च्या दुष्काळापासून येथील पाण्याचा विचार मुख्यतः टंचाईभोवतीच फिरला, आणि ते स्वाभाविकही होते. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या भीमेवरील उजनी धरणाने, ज्याची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, ऊस आणला, पण पुराचे गणितही बदलले. उजनीचा विसर्ग आणि नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळणाऱ्या नीरेवरील वीर धरणाचा विसर्ग एकाच वेळी वाढला, की खाली पंढरपूरला भीमेच्या पात्रातील वाळवंट पाण्याखाली जाते. सीनेकडे मात्र नियोजनाचे लक्ष कमीच राहिले. पुराच्या नियोजनात साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणारी निळी पूररेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांच्यातील बांधकामावर निर्बंध असतात. परंतु जुन्या पावसावर बेतलेल्या या रेषा बदलत्या हवामानात अपुऱ्या ठरतात. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या महापुराचे पाणी माढा तालुक्यातील नदीकाठच्या गावांत शिरले.